पालक बॅचचं ध्यान

शिवानंद हत्तुरेनं त्या संध्याकाळी एवढंच ठरवलं होतं, की आज बाहेर स्कूटरवर ताटकळत बसायचं नाही, आत पंख्याखाली जाऊन बसायचं. त्यात पुढं एवढं रामायण घडेल असं काही नव्हतं. मार्च महिना होता, सोलापूर होतं, आणि संध्याकाळी सहा वाजतासुद्धा स्कूटरच्या सीटवर पापड भाजला असता.

त्याची मुलगी काव्या सहावीत होती आणि आठवड्यातून तीन दिवस कराटेला जायची. क्लास भरायचा विजापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. लग्न नसलं की मोठ्या हॉलमध्ये, लग्न असलं की मागच्या जेवणाच्या हॉलमध्ये. तिथं मुलं बासुंदीच्या वासात लाथा झाडायची. शिवानंद तिला सोडायचा आणि तास संपेपर्यंत बाहेरच थांबायचा. घरी जाऊन परत यायचं म्हणजे पुन्हा एकदा उठायचं, आणि दिवसातून एकदा उठण्यातच त्याची सगळी ताकद संपलेली असायची. तो एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होता. शेजारचे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, फक्त त्यांचं टेबल सरकत सरकत शिवानंदच्या टेबलाला येऊन चिकटलं. तेव्हापासून तो झोपून उठला तरी दमलेला असायचा.

तर तो आत गेला. मानसिंग सरांनी त्याला दारातच अडवलं. सर तिशीतले, ताठ, मूळचे मोडनिंबचे. शांत असले की पुस्तकातल्यासारखं बोलायचे आणि चिडले की एकदम मोडनिंबला पोचायचे.

"काका, इथं बघे चालत नाहीत. हा डोजो आहे." (डोजो म्हणजे कराटेची तालीम. सरांच्या मागं 'वधूवरांचे सहर्ष स्वागत' अशी थर्माकोलची पाटी होती, पण सरांना ती दिसायची नाही.) "आत बसायचं असेल तर मुलांच्या ओळीत बसायचं."

पंखा ओळीच्या बरोबर वर होता. शिवानंद ओळीत बसला.

"मोकुसो!" सर ओरडले. सगळी मुलं डोळे मिटून ध्यानाला बसली. काव्यानं बापाला कोपर मारून डोळे मिटायला सांगितलं. सर चालता चालता हळू आवाजात बोलू लागले, "कराटे म्हणजे मारामारी नव्हे. कराटे म्हणजे मनाची मशागत. पहिला वार आपला नसतो. समोरून जोर आला तर त्याला अडवायचं नाही. बाजूला व्हायचं. वाट द्यायची..."

वाट द्यायची, एवढं शिवानंदला ऐकू आलं. त्यानंतर काही नाही.

कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला ताठ बसून, मान न पाडता, हातात पेन धरून झोपता येतं. इथं तर पेनही धरायचं नव्हतं. त्याला जाग आली ती सरांच्या आवाजानं.

"बघा! बघा सगळ्यांनी!" सर त्याच्याकडंच बोट दाखवत होते. "तुमचं कुणाचं नाक खाजतंय, कुणाचा पाय हलतोय. ए, हालू नगं म्हनलं न्हवं! आणि हे काका बघा. मी थांबा म्हणालो, तेसुद्धा यांना ऐकू गेलं नाही. पहिल्याच दिवशी! याला म्हणतात एकाग्रता."

शिवानंद खरं सांगणारच होता. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण शेजारी काव्या त्याच्याकडं अशा नजरेनं बघत होती, की त्यानं ते तोंड जांभई देऊन मिटलं. मुलीनं अशा नजरेनं त्याच्याकडं शेवटचं बघितलं होतं तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि त्यानं फुगा फुगवला होता.

पुढच्या आठवड्यात सरांनी मुलांच्याच वेळेत पालक बॅच सुरू केली. चार जण आले. एकाच्या गुडघ्यानं, एकाच्या बायकोनं आणि एकाच्या पोटानं त्यांना परत नेलं, आणि पालक बॅचमध्ये शिवानंद एकटा उरला. पांढऱ्या ड्रेसमध्ये तो ताडपत्री घातलेल्या ट्रकसारखा दिसायचा. लाथ मारताना त्याचा पाय स्टुलाच्या वर जायचा नाही, आणि गेला तर स्टूलही बरोबर जायचं. पण मोकुसो आला, की सर सगळ्यांना त्याच्याकडं बघायला लावायचे.

घरी मात्र या ध्यानाची किंमत मोजावी लागू लागली. पूर्वी आमटी अळणी झाली की शिवानंद ओरडायचा, टीव्हीचा रिमोट सापडला नाही की ओरडायचा. ओरडून झालं की जरा मोकळं वाटायचं, मग जेवायचा. आता तोंड उघडलं की काव्या बोट वर करायची.

"पप्पा, पहिला वार आपला नसतो."

मग तो श्वास घ्यायचा, सोडायचा आणि अळणी आमटी खायचा. शांत राहणं हे चिडण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे, हे त्याला चाळिशीनंतर कळलं.

हळूहळू मात्र त्याला यातली सोय सापडली. त्याची बायको पूनम कडक भाकरीचा व्यवसाय करायची. पातळ, ज्वारीची, पापडासारखी मोडणारी भाकरी आणि शेंगाचटणी. पहाटे उठून पीठ मळायची, दिवसभर थापायची, भाजायची, बांधायची. संसाराची उरलेली कामं ती येता-जाता शिवानंदला सांगायची.

"अहो, टाकीचा व्हॉल्व्ह गेलाय. प्लंबरला बोलवा की."

"होईल," शिवानंद डोळे अर्धवट मिटून म्हणायचा. "पाण्याला त्याची वाट असते."

"वाट असते म्हणजे?"

"अडवून काही होत नाही, पूनम."

पूनम हातातलं पीठ तसंच ठेवून त्याच्याकडं बघत राहायची. पूर्वी तो 'मला वेळ नाही' म्हणायचा. त्यावर भांडता तरी येत होतं. भांडल्यावर तो कधीकधी कामही करायचा. या श्वासाशी कसं भांडायचं तेच तिला कळेना.

"माझ्याशी एकदा नीट भांडा की हो," ती एक दिवस म्हणाली. "घरात माणूस हाय का फोटो लावलाय, समजंना झालंय."

शिवानंद हसला. (शांत माणसांनी हसायचं असतं, असा त्याचा समज होता.) त्या दिवशी पूनमनं पोळपाट जरा जोरात आदळला.

कीर्ती मात्र पसरत गेली. पूनमचा थोरला भाऊ चनबसप्पा अक्कलकोटकडं शेती करायचा. त्यानं फोन केला, की शेजारचा बांध कोरायला लागलाय, काय करावं. शिवानंदनं सांगितलं, "विरोध करू नका. त्याचा जोर त्यालाच दमवेल." चनबसप्पानं विरोध केला नाही. शेजारी दमलाही नाही. पंधरवड्यानं बांध चनबसप्पाच्या लिंबाच्या झाडापलीकडं गेला, आणि चनबसप्पाचे फोन बंद झाले. शिवानंदनं याचा अर्थ असा लावला, की मेव्हण्याला शांती मिळाली.

मे महिन्यात सरांनी वार्षिक समारंभ ठरवला. मुलांना बेल्ट, पालकांना जेवण आणि जेवणाआधी एक भाषण. विषय, 'कराटे आणि मनाचा विकास'. वक्ते, श्री. शिवानंद हत्तुरे.

"सर, मला बोलता येत नाही," शिवानंद कळवळून म्हणाला.

"येऊ नयेच, काका. ज्याला कळलंय तो बोलत नाही. म्हणून तर तुम्ही बोलायचं."

आणि सरांनी जेवणासाठी कडक भाकरीची ऑर्डर पूनमला दिली. तिच्या धंद्यातली आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. जेवायला शहरभरचे पालक येणार, म्हणजे पुढच्या कितीतरी ऑर्डरी त्या एका पंगतीत ठरणार. तीन दिवस ती उठली ती चुलीपाशी आणि बसली तीही चुलीपाशी. भाकरी ठेवायला वर जागा पुरेना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण कमलम्मांनी आपली पुढची खोली रिकामी करून दिली. कमलम्मांचे यजमान पूर्वी मागावर चादरी विणायचे. त्याच चादरी जमिनीवर अंथरून त्यावर भाकरींच्या चळती रचल्या. कमलम्मा त्या खोलीत पाय वाजवायच्यासुद्धा नाहीत.

समारंभाच्या रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. सोलापुरात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि आलं की घरातली कामं, आजारपणं आणि भांडणं सगळी बाजूला ठेवायची असतात. पूनमला चटणीचे शेंगदाणे कुटून आणायला गिरणीत जायचं होतं. निघताना तिनं नवऱ्याला गच्चीच्या जिन्यापाशी उभं केलं.

"मोटर लावलीय. टाकी भरली की बंद करा. व्हॉल्व्ह गेलेला हाय, आपोआप थांबणार न्हाई. एवढं एकच काम. जमेल?"

"जमेल," शिवानंद म्हणाला.

तो गच्चीवर गेला. टाकीच्या सावलीला बसला. भाषणाचा पहिला शब्द काही केल्या सुचत नव्हता. मन गोळा करावं, म्हणून त्यानं मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

पुढचं सगळं कमलम्मांनी सांगितलं म्हणून कळलं.

टाकी भरली. मग वाहू लागली. पाणी गच्चीवरून जिन्यात आलं, जिन्यातून पायरी-पायरीनं उतरत खाली आलं आणि कमलम्मांच्या दाराशी साचलं. कमलम्मांनी दार लावून घेतलं, उंबऱ्याशी पोतं लावलं, आणि खिडकीतून वर तोंड करून हाक मारली.

"ओ शिवानंद! पाणी यायलंय!"

"येऊ द्या," वरून आवाज आला. शांत, खोल, जरासा घोगरा.

"अय्यो, दारात आलंय की! घरात शिरंल!"

"अडवू नका."

"अडवू नको? मग काय करू?"

"वाट द्या," वरून उत्तर आलं. "वाट दिली की त्याचा जोर संपतो."

कमलम्मा जरा घुटमळल्या. पण माणूस शिकलेला, सरकारी कचेरीतला. त्यात ध्यानाला बसणारा, आज भाषण करणारा. काहीतरी शास्त्र असेल. त्यांनी पोतं काढलं आणि दार उघडलं.

पूनम परत आली तेव्हा कमलम्मा खोलीच्या मधोमध खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. चादरी भिजून फुगल्या होत्या. तीन दिवसांच्या भाकरीचा पांढरा लगदा झाला होता, आणि त्यातले तुकडे होडीसारखे मोरीकडं निघाले होते.

"मी अडवत होते गं," कमलम्मा रडवेल्या होऊन म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं, वाट द्या म्हणून."

पूनम ओरडली नाही. तिनं चटणीचा डबा खाली ठेवला, जिना चढून वर गेली, आधी मोटर बंद केली आणि मग नवऱ्यासमोर उभी राहिली. शिवानंदचा पायजमा चांगला ओला झाला होता, आणि त्यामुळंच त्याला नुकती जाग आली होती.

"तुम्ही ध्यान करत होता का झोपला होता?" तिनं विचारलं.

ध्यान म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तिचे हात त्याला दिसले. तव्याच्या चटक्यांनी बोटं लाल झाली होती आणि नखांत पीठ वाळलं होतं.

"झोपलो होतो."

"आणि क्लासमध्ये?"

"तिथंही."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

पूनम जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसली. आणि मग तिनं सुरुवात केली. प्लंबरपासून सुरू केलं, बांधावरून अक्कलकोटला गेली, तिथून लग्नाच्या पहिल्या वर्षावर आली. "तीन दिवस पाठ टेकली न्हाई मी! आणि तुम्ही श्वास घ्यायलाय! घर चालायलंय ते तुमच्या श्वासावर व्हय?"

शिवानंदनं श्वास घेतला. पण या वेळी तो आत मावला नाही.

"मग काय करू?" तो ओरडला. स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला, इतक्या दिवसांनी तो बाहेर आला होता. "दोन टेबलं आहेत माझी, दोन! दिवसभर दोन माणसांच्या शिव्या खातो! कुणी जरा बस म्हणालं तर डोळा लागतो, त्याला मी काय करू? मला शांती-बिंती काही नाही गं, मी दमलोय!"

"मग मी काय ताजी हाय?"

"मी कुठं म्हटलं तू ताजी आहेस?"

"म्हणायचं तरी होतं की, दमलीयस म्हणून! एकदा तरी!"

यावर तो बोलला. ती बोलली. सरावाहून परतलेली काव्या खालच्या पायरीवर कराटेच्या ड्रेसमध्ये बसून ऐकत होती. कमलम्मा तिच्याशेजारी येऊन बसल्या. समोरच्या घरातल्या माणसांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भांडण चांगलं झालं. दोन महिन्यांचं साचलेलं होतं, दोघंही मनापासून भांडले. आणि थांबले ते कुणी माघार घेतली म्हणून नाही, तर दोघांनाही एकदमच धाप लागली म्हणून.

"झालं?" कमलम्मांनी खालून विचारलं. "मग पीठ कोण मळणार?"

घरात ज्वारीचं पीठ होतं. कमलम्मांनी आपली शेगडी पेटवली, समोरच्या दोघीजणी पोळपाट घेऊन आल्या. शिवानंद पीठ मळायला बसला, आणि त्यानं मळलेला पहिला गोळा बघून सगळ्याजणींनी मिळून त्याला उठवलं. मग प्रश्न आला वाळवण्याचा. कडक भाकरीला मंद आचेवर वेळ द्यावा लागतो, आणि वेळच नव्हता. पूनमनं वर बघितलं. डोक्यावर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन होतं, आजवर कुणाच्याही उपयोगी न पडलेलं.

ताज्या भाजलेल्या पातळ भाकरी गच्चीवर दुसऱ्या कोरड्या चादरींवर पसरल्या, आणि राखण करायला शिवानंदला उभं केलं. बसायची परवानगी नव्हती. सावलीलाही जायचं नव्हतं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी. कावळे कठड्यावर ओळीनं बसले होते. काव्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. कावळा उतरला की ती "हाय्या!" करून लाथ झाडायची, आणि शिवानंद काठी घेऊन धावायचा. पायांना चटके बसत होते, डोळ्यांत घाम उतरत होता, पण त्या दुपारी त्याचा डोळा लागला नाही. एकदा पूनम भाकरी उलटायला वर आली. तिनं त्याच्याकडं बघितलं, खाली गेली आणि ताकाचा तांब्या वर पाठवून दिला.

भाकरी कडक झाल्या. सगळ्या नाही, पण पंगतीपुरत्या झाल्या.

समारंभात शिवानंद स्टेजवर उभा राहिला तेव्हा त्याचं नाक सोलून लाल झालं होतं. समोर पालकांचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत काव्या नवा पिवळा बेल्ट बांधून बसली होती. मागं दाराशी पूनम भाकरीच्या टोपल्यांजवळ उभी होती. त्यानं माईक धरला.

"मंडळी," तो म्हणाला, "मला मनाचा विकास वगैरे काही माहीत नाही. सर मला एकाग्र म्हणतात. खरं सांगतो, मी झोपायचो. पहिल्या दिवसापासून. मी फार दमलेला माणूस आहे, आणि तुमच्या हॉलचा पंखा चांगला आहे."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मानसिंग सर धावत आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ही नम्रता बघा!" ते माईकमध्ये म्हणाले. "एवढं साधलेला माणूस स्वतःला झोपाळू म्हणतोय. मन एवढं लहान करता आलं पायजे, मग मानूस मोठा व्हतो!"

"अहो, खरंच झोपायचो..." शिवानंद म्हणाला. टाळ्या वाढल्या. एका आजीनं पुढं येऊन त्याच्या पायांना हात लावला.

तो खाली उतरून काव्याजवळ बसला. तिच्याकडं बघायचा त्याला धीर होत नव्हता.

"काव्या, मी खरं बोललो गं."

"मला माहीत होतं, पप्पा," काव्या बेल्टची गाठ नीट करत म्हणाली. "तुम्ही घोरायचात. मी शेजारी बसून जोरजोरात श्वास घ्यायचे, म्हणजे सरांना कळू नये."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही आत येऊन बसायला लागला होता की," ती म्हणाली, आणि ताट घ्यायला पळाली.

पंगतीत भाकरी कडाकड मोडल्या गेल्या. दोन-तीन बायकांनी पूनमचा फोन नंबर घेतला. सगळं आवरून तिघं स्कूटरवरून घरी निघाले. पुढं शिवानंद, मध्ये काव्या, मागं रिकाम्या टोपल्या सांभाळत पूनम. रस्ता अजून गरम होता.

"पूनम," शिवानंद म्हणाला, "मी ठरवलंय. उद्यापासून क्लास बंद. काव्याला फक्त सोडायचं आणि लगेच घरी यायचं. संध्याकाळचा तो तास तुझ्याजवळ बसेन. तुला हाताखाली मदत करेन."

मागच्या टोपल्या एकदम खडखडल्या. पूनमला भरून आलं असावं, असं त्याला वाटलं. त्यालाही जरा भरून आलं. त्यानं स्कूटरचा वेग कमी केला.

"अहो, क्लास सोडू नका," पूनम घाईघाईनं म्हणाली. "हात जोडते."

शिवानंदनं स्कूटर आणखी हळू केली. "का गं?"

"तुम्ही दोघं गेलात की दाराला कडी लावून मी झोपते," पूनम म्हणाली. "दिवसातला तेवढाच तास माझा हाय. तुम्ही घरात येऊन बसलात तर च्या कोण करायचा? आणि जमलं तर सरांना एवढं विचारा, दीड तासाची बॅच असती का."